कशफची जागा

धुळीच्या वादळाने मला त्या गोदामात ढकललं, नाहीतर मी कशाला आत शिरते! गाडी शेजारच्या गॅरेजमध्ये, भर दुपारी शारजाचं आकाश पिवळंधमक, आणि अर्ध्या शटरखालून येणारा तो ओळखीचा सूर...

आत चक्क 'ओहोटी' बँड! रॉकची गिटार, अमेरिकन कंट्रीचा बँजो आणि रत्नागिरीची गाणी. आमच्या पिढीला या मिश्रणाचं, म्हणजे ऑल्ट-कंट्रीचं, वेड लावलं ते यांनीच. एकाच माईकभोवती सगळे गोल उभे होते आणि गोलात एक जागा रिकामी.

"आमचा कॉलेजचा बँडपण तशी जागा ठेवतो," मी बोलून गेले. "इथले सगळेच बँड ठेवतात. तुमची स्टाइल ना ती!"

"स्टाइल कसली?" गायक रुहान म्हणाला. "माझ्या बहिणीची जागा ती. कशफ वरच्या सुरात गायची. ती वारली, तेव्हापासून गाताना सगळं पोकळ वाटतं... आज शेवटचं रेकॉर्डिंग. मग खलास."

शाळेपासून ज्या आवाजावर जीव टाकला, तो बंद होणार?

"मी शुभ्रा. वरचा सूर मला येतो. रोज ट्रॅफिकमध्ये तुमच्याबरोबरच गाते की!"

"माझ्याबरोबर? आणि मला पत्ताच नाही?"

"आता लागला ना! सरका जरा."

रेकॉर्डिंगसाठी एसी बंद होता, तरी त्या जागेत गारठा होता. गाताना रुहानची नि माझी नजर भिडली... आणि माझ्या मानेवर कुणाचा तरी श्वास जाणवला.

मग रेकॉर्डिंग ऐकलं. गायलो होतो आम्ही दोघंच, पण आवाज तीन होते.

"या अल्ला!" बँजोवाले अन्वरभाईंनी बँजो खाली ठेवला. तिसरा आवाज आधी अगदी जवळ होता, मग थोडा लांब, मग आणखी लांब. गाणारी माईकपासून पाऊल पाऊल मागे सरत होती.

"दुसऱ्याला गायचं असलं की कशफ अशीच मागे व्हायची," रुहान पुटपुटला.

मला पळून जावंसं वाटत होतं. पण त्याने माझा हात धरला.

"शुभ्रा... पुढच्या शुक्रवारी येशील?"

"रेकॉर्डिंगला?"

"माझ्यासाठी."

"येईन," मी म्हटलं. "पण गायचं थांबवलंत तर बघा!"

"यल्ला, चला अन्वरभाई, पुन्हा एकदा," रुहान म्हणाला. "हे शेवटचं नाही."

आम्ही पुन्हा गायलो. या वेळी रेकॉर्डिंगमध्ये आवाज दोनच आले. रुहान खूप रडला आणि माझा हात त्याने सोडला नाही.