दोन गाड्यांची एक गाडी

जुन्या सुट्या भागांच्या दुकानात दोघांचे हात एकाच वेळी एकाच पेटीत गेले, आणि एकच किकचा दांडा दोन टोकांनी धरून दोघं उभे राहिले.

"सोडा," ती म्हणाली.

"आधी मी पाहिला."

"पाहिला असेल. धरलाय मी!"

तिला सगळे ठिणगी म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. एकदा ती चौकात अशी कडाडली, की लाल सिग्नल घाबरून हिरवा झाला. ती दिसेनाशी होईपर्यंत पुन्हा लाल व्हायची त्याची छाती झाली नाही. खोटं वाटत असेल तर सिग्नललाच विचारा.

दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून लॅबमध्ये पोचवायचं तिचं काम. आईच्या सव्वीस वर्षं जुन्या मोटारसायकलवर फिरायची. पण महिनाभर गाडी रोज रुसत होती. दोनदा नमुने उशिरा पोचले, तेव्हा लॅबवाल्या बाईंनी सांगितलं, "शनिवारी नऊला धड गाडीवर ये. नाहीतर तुझं काम दुसऱ्याला."

आई म्हणाली, "नवी घे गं. ती माझ्याबरोबर म्हातारी झालीय."

"मग तुलाही बदलू का?" ठिणगी ओरडली आणि टाकीवर थाप मारली. टाकीला एक पोचा होता. कधीकाळी बाबांशी भांडताना आईने तिथे जेवणाचा डबा आपटला होता. त्या पोच्यावर थाप बसल्याशिवाय गाडी सुरूच व्हायची नाही. रागाचं वाण होतं ते, आईकडून लेकीला आलेलं.

दांड्याचं दुसरं टोक धरणारा हत्यारांची जड पेटी घेऊन दारोदार शिलाई मशीन दुरुस्त करायचा. त्याचीही मोटारसायकल तसलीच, तेवढीच म्हातारी. वर तो शांत! भांडताना समोरचा शांत असला की ठिणगीच्या अंगाची आग व्हायची.

दुकानवाले काका वैतागले. "दोन्ही गाड्या इथे आणून सोडा. कुणाची जगण्यासारखी आहे ते बघतो."

गुरुवारी काकांनी दोन्ही गाड्या ठोकून पाहिल्या, हुंगून पाहिल्या. "पोरी, तुझं इंजिन अजून घोडा आहे, पण सांगाडा गंजून गेलाय. याचा सांगाडा ठणठणीत, पण इंजिन मेलंय. दोन मिळून एक होईल. एक मोडावी लागेल."

"यांची मोडा!"

"यांची मोडा," तोही त्याच दमात म्हणाला. मग तिच्याकडे वळून हळूच... "तुम्ही सगळ्यांवर अशाच रागावता, की माझ्यावर खास?"

"खास नाही. रांग आहे. मागे उभे राहा!"

"राहतो," तो म्हणाला. आणि खिशातल्या फडक्याने तिच्या टाकीवरचं तेल पुसू लागला. पोच्यावर त्याचा अंगठा थांबला. "इथे कुणीतरी... फार जीव लावून रागावलंय."

ठिणगी गप्प झाली. चक्क गप्प! काकांनी घड्याळात वेळ बघून ठेवली.

पण त्या दिवशी हट्ट दोघांनीही सोडला नाही. शनिवारी सकाळी ती दुकानात आली ती डोळे लाल करून. रात्रभर विचार करून नवी गाडी घ्यायचं ठरवलं होतं. निदान आईची टाकी तरी घरी न्यावी म्हणून आली होती.

अंगणात गाडी उभी होती. तिचं इंजिन, पोच्याची टाकी, नवा किकचा दांडा. आणि सांगाडा त्याचा.

"कुणी हात लावला माझ्या गाडीला?"

"गाडी तुझ्या आईच्या नावावर," काका म्हणाले. "त्या काल दुखरे गुडघे घेऊन इथवर आल्या आणि जोडा म्हणाल्या."

"आणि सांगाड्यावरचा नंबर यांचा! म्हणजे कागदावर गाडी यांची!" गाडीमागे उभ्या असलेल्या त्याच्याकडे ठिणगीने बोट रोखलं.

त्याने घडी केलेला कागद पुढे केला. गाडी तिच्या नावावर करायचा अर्ज. खाली त्याची सही.

तिचा आवाज आणखी चढला. "आणि तू कशाने फिरणार?"

"पायी."

"ती मणभर पेटी घेऊन? मूर्ख आहेस का रे? कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

"कुणी नाही. रांगेत उभा होतो... म्हटलं, नंबर लागावा."

तिने कागदाचे टराटरा चार तुकडे केले. "फुकटची गाडी मी घेत नाही! दोघांची राहील. सकाळी माझे नमुने, नंतर तुझी गिऱ्हाइकं. चालवणार मी."

"आणि मी?"

"मागे. पेटी मांडीवर. आणि हसायचं नाही!"

तिने किक मारली. एक, दोन, तीन... गाडी ढिम्म. थाप मारायला हात उचलला, तर पोच्यावर त्याचा हात आधीच होता. तिची थाप बसली ती त्या हातावर. तिने हात लगेच उचलला नाही... आणि इंजिन असं गरजलं, की शेजारच्या गल्लीतल्या सगळ्या शिलाई मशिनी आपोआप चालू झाल्या. एका शिंप्याचा अर्धा राहिलेला शर्ट पुरा झाला म्हणतात.

नऊला दहा मिनिटं होती.

"हसतोयस?" तिने मागे न बघता विचारलं.

"नाही."

"खोटं बोलू नकोस, माझ्या पाठीला कळतंय. घट्ट धर."

"कशाला धरू?"

"आता तेही मीच सांगू?" ठिणगी एवढ्या जोरात ओरडली, की पुढचा लाल सिग्नल ती पोचायच्या आधीच हिरवा झाला.