विशेषण की विशेषनाम

"तो गाढव कुठं बसतो, तेवढं सांगा."

हे माझं त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. लोकांच्या ओळखी म्हणे फुलं देऊन होतात! आमची झाली ती मद्रासच्या जॉर्ज टाउनमध्ये, वकिलांच्या गल्लीतल्या एका अंधाऱ्या जिन्यावर, सन अठ्ठावन्नच्या जानेवारीत. मी तरातरा वर चढत होते, ते काखेत कागद घेऊन खाली येत होते. जिना असा अरुंद की एकानं अंग चोरल्याशिवाय दुसऱ्याला वाट नाही. आणि दोघांतलं कुणी अंग चोरायला तयार नाही.

"कोणता गाढव?" त्यांनी शांतपणे विचारलं. "इथं सात वकील बसतात बाई."

"दत्ताजी वकिलांकडचा. मराठी कागदाचं इंग्रजी करतो मणे."

"असं होय... खिडकीपाशी बसतो. चला, दाखवतो."

ते मागे फिरले. मला वर नेलं, खुर्ची झटकून दिली आणि समोरच्या खुर्चीत स्वतःच बसले. टाक दौतीत बुडवत म्हणाले, "वसंतराव खांबेटे, राहणार वाई. तीन महिन्यांपूर्वी मद्रासेत आलो. बोला, गाढवाकडे काय काम काढलंत?"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पण माघार घेईन तर ती सरोजा कसली! पर्समधून कोर्टाचा निकाल काढला आणि टेबलावर आपटला.

भानगड अशी होती. माझी थोरली बहीण विशालाक्षी, म्हणजे आमची अक्का... हिला आणि हिच्या मुलांना नवऱ्यानं, त्या कृष्णस्वामीनं, टाकून दिलं. ती मद्रासेतच तिरुवल्लिकेणीला माझ्या खोलीत येऊन राहिली. मी शाळेत शिकवायचे. एक पगार आणि चार तोंडं. अक्कानं पोटगीचा अर्ज केला. स्वतःसाठी दमडी नको, पण मुलांचं त्यानं द्यावं, एवढंच तिचं म्हणणं. आमचे वडील तंजावरला जुन्या मोडी कागदांच्या दफ्तरात होते, त्यामुळे आम्ही दोघी बहिणी मोडी शिकलेल्या. अक्कानं सगळी हकीकत मोडीतच लिहिली. दत्ताजी वकील आमच्याच तंजावरी मराठी समाजातले, पण त्यांना मोडी येत नव्हती. त्यांच्या हपिसात तिचं इंग्रजी झालं, आणि अक्कानं त्याखाली सही ठोकली. इंग्रजी तिला कुठलं वाचता यायला! मी तेव्हा आईच्या आजारपणात तंजावरला होते. परत आले तर निकाल लागलेला. पोटगी मंजूर, मूल एक, नाव नागोजी.

आणि आमची मुलं होती दोन. थोरला सुंदर आठ वर्षांचा, धाकटा नागोजी पाचाचा.

"मूळ कागद काढा," मी म्हटलं.

त्यांनी काढला. अक्काचं वळणदार अक्षर. मोडीत कुठला आलाय स्वल्पविराम, आणि कुठली दोन शब्दांमधली जागा! सगळं एका दमात, एका रेषेखाली. वसंतरावांनी बोट ठेवून वाचलं, "माझे सुंदर नागोजी यांस अन्नवस्त्र मिळावे... बरोबर तर आहे. आईची माया. मी लिहिलं, 'माय ब्यूटिफुल नागोजी'. वकीलसाहेबांनी 'ब्यूटिफुल' खोडलं. कोर्टात शोभत नाही म्हणाले."

"अहो, सुंदर हे पोराचं नाव आहे!"

"मुलाचं? सुंदर?"

"मद्रासेत कुठल्याही गल्लीत उभं राहून 'सुंदर' मणून हाक मारा, चार पोरं ओ देतील."

"आमच्या वाईत मारली तर चपलेनं मार बसेल."

मला हसू फुटणार होतं... मी ते गिळलं. "आणि 'माझे' लिहिलंय की! एका पोराला 'माझे' कोण मणतं?"

"मला वाटलं, तंजावरी रीत असेल. तुम्ही लोक मांजरालासुद्धा 'अहो' म्हणता असं ऐकलं होतं."

"तुम्ही माझ्या भाच्याचं विशेषण केलंत!" मी ओरडले. हपिसातले सगळे वळून बघायला लागले. आणि मग मला काय झालं कोण जाणे, मी त्या परक्या माणसाला सकाळची गोष्ट सांगून टाकली. आदल्या दिवशी मी निकाल मोठ्यानं वाचला होता, तो सुंदरनं ऐकला. सकाळी डोसा वाढला तर त्यानं अर्धा मोडून नागोजीच्या ताटात टाकला. मावशीला तो चित्ती म्हणायचा. म्हणाला, "मला पुरे चित्ती. माझं नाव कागदात नाही ना." रडला नाही, रुसला नाही. हिशेब समजल्यासारखं बोलला.

वसंतरावांच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. त्यांनी टाक खाली ठेवला. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मीच निस्तरतो."

आतून दत्ताजी वकील बाहेर आले. सगळं ऐकून म्हणाले, "दुरुस्तीचा अर्ज लावू. दहा दिवसांत तारीख मिळेल. लिहू की बाई एक नाव लिहायला विसरली. बायकांची चूक कोर्ट पोटात घालतं."

"पण कृष्णस्वामी तेच बोंबलतोय," मी म्हटलं. "आईनंच शपथेवर एक मूल लिहिलं, मग हा दुसरा कुठून आणला, असं चारचौघांत बोलत हिंडतो. अक्का विसरली मणून लिहिलंत तर लोक काय समजतील? सुंदर काय समजेल?"

"मी कोर्टात सांगेन, चूक माझी," वसंतराव म्हणाले.

"माझ्या हपिसाची अब्रू चव्हाट्यावर मांडणार?" दत्ताजी तांबडेलाल झाले. "मग परत या जिन्यावर पाय ठेवू नका."

त्या दहा दिवसांत वसंतराव रोज संध्याकाळी, समुद्राचा वारा सुटला की, आमच्या दारात हजर. कधी शाळेचा दाखला हवा, कधी जन्माची नोंद. कागद एक आणि चकरा तीन! येताना किनाऱ्यावरून कागदाच्या पुड्यात सुंडल, म्हणजे फोडणीचे उकडलेले हरभरे, आणायचे. नागोजी झडप घालायचा. सुंदर मात्र भिंतीकडे तोंड करून बसायचा, पाठ फिरवून. या गृहस्थांनी आपल्याला खोडलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"तुमची मराठी ऐकली ना," ते एकदा कॉफीचा टंबलर हातात घेऊन म्हणाले, "की वाटतं, दोनशे वर्षांपूर्वीचं कुणी बोलतंय."

"तुमची ऐकली की वाटतं, कुणी भांडतंय."

"मी भांडत नाही हो. हा माझा साधा आवाज आहे."

"मग प्रेमानं बोलता तेव्हा कसा असतो?"

जीभ चावली, पण उशीर झाला होता! ते बघतच राहिले. मी वेणीतला मोगरा उगाच नीट करत राहिले... आणि आत अक्का भांडी जरा जास्तच जोरात घासू लागली.

तारखेच्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. मॅजिस्ट्रेट तमिळ, चष्मा नाकावर घसरलेला. कृष्णस्वामीचा वकील उठला आणि म्हणाला, आईच्या सहीचा कागद आहे, त्यात एकच मूल आहे. अक्का पदर मुठीत धरून उभी. तेवढ्यात वसंतराव पुढे झाले.

"साहेब, बाईंनी दोन्ही मुलं लिहिली होती. मी एक खोडलं. आमच्या मुलखात सुंदर हा मुलगा नसतो, तो गुण असतो."

मॅजिस्ट्रेटनी चष्मा वर केला. "तुमच्या मुलखात?" ते म्हणाले. "माझ्या घरी दोन आहेत. एक मुलगा, एक मेव्हणा. मेव्हण्यात गुण एकही नाही."

सगळं कोर्ट हसलं. मग त्यांनी मूळ कागद मागवला, शाळेचा दाखला पाहिला आणि निकाल दुरुस्त केला. मुलं दोन, सुंदर आणि नागोजी, दोघांची पोटगी पहिल्या दिवसापासून. अक्का तिथंच ओक्साबोक्शी रडली. दत्ताजी वकील वसंतरावांकडे न बघता निघून गेले.

घरी आल्यावर सुंदरनं कागद मागितला. इंग्रजी अक्षरांवर बोट फिरवत आपलं नाव शोधलं, दोनदा वाचलं. मग पाटावर बसला आणि म्हणाला, "चित्ती, दोन वाढ."

दारात वसंतराव उभे होते. हातात ट्रंक.

"निघालो," ते म्हणाले. "नोकरी गेली. मेसवाल्यानंही खोली सोडायला सांगितलं. उद्या सकाळच्या गाडीनं वाई."

दहा दिवसांत एवढी सवय लागते कुणाची? "बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

"जाण्याआधी एक कागद तपासून हवा होता. मोडी तुमच्याइतकी पक्की नाही माझी... आणि एकदा चुकलोय मी."

त्यांनी घडी पुढे केली. एकच ओळ, सगळी अक्षरं एका रेषेखाली चिकटलेली. माझी सुंदर सरोजा.

कान तापले माझे. तरी मास्तरीण ती मास्तरीण. विचारलं, "यात माणसं किती?"

"एकच."

"मग सुंदर काय आहे?"

"विशेषण. या वेळी खात्री करून लिहिलंय." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. प्रेमानं बोलताना तो असा असतो, हे मला तेव्हा कळलं. "पहिल्या शब्दाचीच खात्री नाही. तो चुकला असेल तर आत्ताच सांगा."

"दुरुस्तीला मुदत किती?"

"उद्याच्या गाडीपर्यंत."

मी कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली. "पहिला शब्द बरोबर आहे. दुसऱ्याचं मात्र पुन्हा तपासा."

"दरवर्षी तपासेन," ते म्हणाले. मागून सुंदर ओरडला, "चित्ती, डोसा करपला!"

गाडी गेली, वसंतराव राहिले. पुढे एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले आणि आयुष्यभर लोकांच्या चुका काढत बसले. दर जानेवारीत तो कागद पेटीतून निघायचा. चष्मा लावून एकदा कागदाकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. "तपासलं. बरोबर आहे." केस पांढरे झाले, दात गेले, तरी बरोबरच! आता ते जाऊन सहा वर्षं झाली, आणि तपासणी राहून गेली.

परवा सुंदरची साठी झाली. टक्कल पडलंय, पोट सुटलंय. मला म्हणतो, "चित्ती, माझं विशेषण गेलं, नाव तेवढं उरलं." दुसऱ्या दिवशी माझ्याकडे, या वेलचेरीच्या फ्लॅटवर, न्याहारीला आला. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येऊन बघते तर पेटी उघडी आणि सुंदरच्या हातात तो कागद. मोडी त्याला ओ की ठो येत नाही. कागद उलटा धरलेला. त्यानं चष्मा लावला, एकदा कागदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"तपासलं चित्ती," तो म्हणाला. "बरोबर आहे."

माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "गप बस. डोसा गार होतोय."