हॅलमबाईंच्या घरातल्या तीन चिठ्ठ्या

मार्सेला ओक्सने फाइल टेबलावर आपटली आणि बसायचंही विसरली.

"उद्या दुपारी दोनला सही आहे. डेन्व्हरचा फ्लॅट विकून झालाय. आईचं आणि माझं होतं नव्हतं ते सगळं हॅलमांच्या त्या घरात जाणार आहे. आणि कोणीतरी मला हाकलायला टपलंय!"

ओडेसा प्रुइटने फाइल उघडली. तीस वर्षं पिकांच्या विम्याची तपासनीस म्हणून कॅन्ससची शेतं तुडवल्यावर तिने गुप्तहेरीचा व्यवसाय सुरू केला होता. फाइलमध्ये टॅलो काउंटीची कुंडलीच होती. नोकऱ्या किती, इस्पितळात नर्सच्या जागा किती, कर किती, पाच वर्षांत घरांचे भाव किती उतरले.

"अभ्यास पक्का आहे. भाव का उतरले, ते मात्र कुठे दिसत नाही. बरं, चिठ्ठ्या?"

तिन्ही चिठ्ठ्यांवर एकच वाक्य होतं : 'हे घर घेऊ नका.' मार्सेला तीनदा घर बघायला गेली होती. पहिली चिठ्ठी टॉवेलांच्या घडीत सापडली, दुसरी ओव्हनमध्ये, तिसरी सिंकखाली साबणाच्या डब्यामागे.

"शेजारच्या होयट ॲम्सलरचं काम! पहिल्याच दिवशी माझ्यावर खेकसला. जमीन फुकटात हवी असणार त्याला."

"उघडच आहे," वेंडेल म्हणाला. वेंडेल म्हणजे ओडेसाच्या बहिणीचा नवरा. बहीण गेल्यापासून ओडेसाची गाडी तोच चालवायचा आणि पहिल्या पाच मिनिटांत गुन्हेगार पकडायचा. आजवर एकदाही खरा निघाला नव्हता, पण गड्याचा उत्साह दांडगा.

"दाजी, आधी गाडी काढा," ओडेसा म्हणाली.

टॅलोच्या पेठेत निम्मी दुकानं बंद होती. फक्त नाणी टाकून कपडे धुवायच्या नव्या लॉन्ड्रीत भर सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती.

"बघ, धंदा! गाव वर येतंय," वेंडेल खूश झाला.

"बाहेरच्या सगळ्या गाड्या शेतावरच्या आहेत, दाजी."

"म्हणजे शेतकऱ्यांच्या हातात पैसा आहे!"

ओडेसाने कपाळाला हात लावला.

होयट कुंपणाशीच भेटला. त्याच्यामागे पाणी फवारायचा लांबलचक सांगाडा उभा होता. जुलैच्या ऐन उन्हाळ्यात त्याच्या चाकांवर वेली चढल्या होत्या.

"यंदा मका नाही?"

"भाव नाही मक्याला," होयटने मान फिरवली. "आणि मला कोणाची जमीन नको. आहे तीच डोक्याला ताप झालीय."

"हॅलमांच्या घराची किल्ली आहे तुमच्याकडे?"

"कर्टिस मला उंबऱ्याशी उभं करत नाही, किल्ली कसली देतोय!"

कर्टिस हॅलम हा घरमालकिणीचा मुलगा, आणि घर विकणारा दलालही तोच. दिवाणखाना, खिडकीतून दिसणारा सूर्यास्त, सगळं मार्सेला आणि ओडेसाला हसत हसत दाखवत होता.

"मागच्या अंगणात जोडचाकांचे खोल चर पडलेत," ओडेसा म्हणाली.

"सामान न्यायला ट्रक आला होता."

तेवढ्यात वेंडेल पियानोला धडकला, तिथून सोफ्याला. घर सामानाने खच्चून भरलं होतं.

स्वयंपाकघरात इनेझ हॅलम, कर्टिसची म्हातारी आई, पीचचा केक वाढत होती. कागदी ताटलीत. कॉफीही कागदी कपात. मागच्या कपाटात चिनीमातीचा अख्खा संच चकाकत होता. ओडेसाने काही विचारलं की म्हातारी तोंड उघडायची आणि उत्तर कर्टिस द्यायचा.

"बोअर तपासलीय?"

"तपासलीय की! नळाला धो धो पाणी. अहवाल फाइलमध्ये आहे."

"दाजी, न्हाणीघरातले नळ सोडा. इथलाही. पूर्ण. आणि होयटना बोलवा."

पाणी वाहू लागलं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मार्सेला येरझारा घालत होती. होयटला घेऊन आलेला वेंडेल केक हातात धरून नळाकडेच बघत होता.

"अहो, बंद करा ना!" कर्टिस उसळला. "केवढं पाणी वाया जातंय!"

"बोअर चांगली आहे ना? मग जीव का खालीवर होतोय?" ओडेसा खुर्ची ओढून बसली. "घरोघरी धुलाईचं यंत्र असताना शेतावरच्या बायका गावात कपडे का धुतात? घरात चांगल्या बशा असताना कागदी ताटल्या का? जुलैत फवारा उभा का? एकच उत्तर. या काउंटीच्या पोटातलं पाणी संपलंय. सामान घरातच आहे, मग तो जड ट्रक काय करायला आला? पाणी घेऊन. मागे जमिनीत टाकी पुरलीय. तपासणीच्या दिवशी ती भरली आणि नळ तिला जोडला. आज गिऱ्हाईक येणार, म्हणून पुन्हा भरली."

"मग चिठ्ठ्या?" मार्सेला थांबली.

"होयटना घरात शिरकाव नाही. कर्टिसना घर विकायचंय. टॉवेल, ओव्हन, साबण. घर घेणारी बाई जिथे हमखास हात घालेल आणि हे चिरंजीव जन्मात डोकावणार नाहीत, अशा जागा या घरात एकाच माणसाला ठाऊक."

नळ खोकला. एकदा, दोनदा. मग नुसतीच हवा.

"एकाचं बिंग फुटलं की सगळ्यांचं फुटतं," दाराशी उभा होयट पुटपुटला. "घर विकून सुटायची आशा प्रत्येकाला आहे. म्हणून मी गप्प."

"आई, तू?" कर्टिसचा आवाज चिरकला. "तुलाच माझ्याकडे नेणार होतो ना! आता हे घर कुत्रं तरी घेईल का?" तो दार आपटून गेला. इनेझ दाराकडे बघत राहिली.

वेंडेलला वाटलं, गुन्हेगार सापडला की बरं वाटतं म्हणतात, ते काही खरं नाही.

मार्सेलाने म्हातारीचा हात धरला. "पण असं का केलंत? गप्प राहिला असतात तर सुटला असतात. आता अडकलात ना इथे!"

"मी अडकलेलीच होते, पोरी," इनेझ म्हणाली. "आणखी एक कशाला?"