बाई पत्ते बघत नाहीत

चारचा चहा झाला, कपबश्या उचलल्या गेल्या आणि टेबलानं पत्ते वाटले. त्याच्या कडेतल्या फटीतून प्रत्येकाच्या पुढ्यात दोन-दोन पत्ते पालथे सरकले. बेडेकर सरांनी आपले उचलून पाहिले, सोनटक्के नवरा-बायकोंनीही पाहिले. विजयमाला घोरपडेंनी मात्र हातसुद्धा लावला नाही. सात चिंचोके मोजून त्यांनी मध्ये ढकलले आणि त्या खिडकीतून पन्हाळ्याकडे बघत बसल्या.

"कृपया आपले पत्ते पाहा," टेबल मऊ आवाजात म्हणालं.

"तूच बघ की. तुला कोण नको म्हणतंय?" विजयमालाबाई म्हणाल्या.

टेबलाच्या कडेवरची, त्यांच्या पुढची दिव्याची हिरवी पट्टी पिवळी झाली.

टेबलाचं नाव पारखी. निवृत्तांच्या या 'निवांत' वसाहतीत ते तीन वर्षांपूर्वी आलं. माणसाची स्मृती ढासळण्याच्या बरंच आधी त्याची निर्णय घेण्याची रीत बिघडते आणि हा बिघाड पत्ते खेळताना सर्वांत लवकर दिसतो, असा शोध तेव्हा नुकताच लागला होता. खेळणाऱ्याच्या बोटांचा कंप, बुबुळांची हालचाल, चाल करायला लागलेला वेळ हे सगळं पारखी टिपायचं आणि त्यावरून शंभरपैकी निर्णयांक काढायचं. तो सलग तीन शनिवार चाळीसच्या खाली आला की खोलीची किल्ली संस्थेकडे जायची आणि माणूस पूर्वेच्या कक्षात. तिथली दारं फक्त बाहेरून उघडत. हे सारं काळजीपोटी चाललं आहे, असं माहितीपत्रकात छापलं होतं. माहितीपत्रक लिहिणाऱ्यांपैकी कुणी त्या कक्षात एक रात्र काढून बघितल्याचं मात्र ऐकिवात नव्हतं.

टेबलाजवळची पाचवी खुर्ची मार्चपासून रिकामी होती. तिथं दत्ताजीराव इंगवले बसायचे. ते पूर्वेला गेले. विजयमालाबाईंचे दोन शनिवार भरले होते आणि आज तिसरा होता.

तीस वर्षं शाळेत कबड्डी शिकवलेल्या या बाई कोल्हापूरच्या. तिकडच्या बायकांच्या रीतीप्रमाणे त्या स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलत. अच्युत बेडेकर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचा निर्णयांक सत्त्याण्णव होता आणि हे वसाहतीतल्या माळ्यालाही माहीत होतं, कारण सरांनीच त्याला सांगितलं होतं. बेताल खेळणाऱ्यासमोर थापा मारू नयेत, थांबावं, जबरदस्त पत्ते येऊ द्यावेत आणि मग मोठा डाव लावावा, असं त्यांचं शास्त्र. त्यात चूक काढायला जागा नव्हती. तरीही गेल्या महिन्यात त्यांच्या दोन एक्क्यांना बाईंनी दुर्री आणि पंजीच्या जोरावर लोळवलं होतं, आणि त्या दिवशी सरांना जेवण गेलं नव्हतं.

आज सरांकडे दोन राजे आले. पारखीनं मधले, सगळ्यांना सामायिक असलेले पाच पत्ते एकेक करून उघडले. त्यांत तिसरा राजा निघाला आणि वर सत्तीची जोडी. तीन राजे, दोन सत्त्या! वर्षातून एखाद्या वेळी येणारा हात. सोनटक्के केव्हाच बाजूला झाले होते. बाईंनी आपला अख्खा ढीग पुढे सारला. पत्ते अजून पालथेच होते.

सर थबकले. बाई हरल्या तर आजचा अंक आणखी घसरणार, हे त्यांना दिसत होतं.

"चेहरा पाडू नका, सर," बाई म्हणाल्या. "हातात असंल ते लावा. दया म्हणून सोडलासा, तर उद्यापास्नं तुमच्यासंगं खेळणार न्हाई."

सरांनी लावलं. बाईंनी पत्ते उलटले: एक तिर्री, एक राणी. कामाचं काहीच नाही. सरांपुढे चिंचोक्यांचा डोंगर आला, त्यांची पट्टी हिरवीगार झाली आणि बाईंची लाल. इतक्या मोठ्या डावाचा आनंद व्हायला हवा होता. सरांना स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात डॉक्टर केतकी शिरगावे टॅबलेट घेऊन आली. वय तिशीचं, डोळ्यांत झोप साठलेली.

"बाई, एकतीस," ती हळूच म्हणाली. "मला आज सही करावी लागेल. किती वेळा सांगितलं, एकदा फक्त पत्ते बघा आणि मग खेळा."

"मी बघायचं विसरत न्हाई, पोरी. मी बघत न्हाई."

"पण का?"

"कबड्डीत चढाईला जाताना कुठला कोपरा मारायचा ते आधीच ठरवलंस की डोळं तिकडंच वळत्यात, अन् समोरची बरोब्बर वळकती. हे टेबल माझं डोळं वाचतंय. जे मलाच ठावं न्हाई, ते ह्याला कुठनं वाचाय गावणार?"

सरांनी हात पुढे केला. "डॉक्टर, कारण काय लिहिलंय ते दाखवा."

पडद्यावर एकच ओळ होती: 'निर्णयाचा पत्त्यांशी संबंध आढळत नाही.'

"कसा आढळेल?" सरांचा आवाज चढला. "त्या ब्लाइंड खेळतात! दिवाळीत घरोघरी तीन पत्ती खेळतात तेव्हा निम्मे लोक पत्ते न बघताच चाल करतात. या यंत्राला ब्लाइंड शिकवलंय का कुणी?"

केतकी गोंधळली. "पोकरचे लाखो डाव दाखवून शिकवलंय. बाहेरच्या देशांतले."

"म्हणजे जिथं पत्ते बघूनच खेळतात, तिथले. याच्या लेखी न बघणारा माणूस म्हणजे बघायचं विसरलेला माणूस!"

"तुम्ही म्हणता तसं असेलही, सर. पण बाईंच्या बाबतीत टेबल खरं बोलत असेल तर? मला पुरावा लागेल."

"पुरावा हवाय? बसा इथं," सर म्हणाले.

पारखीनं पत्ते वाटले. बेडेकर सरांनी आपल्या दोन पत्त्यांवर पालथा तळहात ठेवला आणि दहा चिंचोके पुढे ढकलले.

"कृपया आपले पत्ते पाहा."

"नाही पाहत!" सर ओरडले. सत्तर वर्षांत त्यांनी असं काही केलं नव्हतं. खाली एक्का असेल, दुर्री असेल, देव जाणे. भीती वाटत होती आणि मजाही येत होती. सोनटक्के काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि आपलेही पत्ते पालथेच ठेवून चिंचोके पुढे सारले. मग काकांनी.

टेबलाभोवतीच्या पट्ट्या एकेक करून पिवळ्या झाल्या. पहिल्या डावानंतर सरांचा अंक ब्याऐंशी होता, दुसऱ्यानंतर एकसष्ट. चौथा डाव संपला तेव्हा तो अडतीसवर आला आणि टेबल त्याच मऊ आवाजात म्हणालं, "अच्युत बेडेकर. निर्णयक्षमतेत गंभीर घट. देखरेखीची शिफारस."

"सर, आता तुमच्या नातवाचा फोन नंबर सांगा बघू," बाईंनी चिडवलं. सरांनी दहाच्या दहा आकडे धडाधड म्हणून दाखवले, आणि मग उलटेही. सोनटक्के काकू खो खो हसत सुटल्या.

केतकी मात्र हसली नाही. तिनं टॅबलेटवर जुनी यादी उघडली होती. वर्षभरात तिनं चौदा सह्या केल्या होत्या. दत्ताजीराव इंगवल्यांच्या नावापुढे तिनं कारण वाचलं: 'निर्णयाचा पत्त्यांशी संबंध आढळत नाही.' तिनं बोट खाली सरकवलं. आणखी आठ नावांपुढे तेच वाक्य, शब्दाला शब्द.

"मार्चमध्ये इंगवले काका मला म्हणाले होते, पोरी, मी मुद्दाम करतोय," ती म्हणाली. "मला वाटलं, सगळेच असं म्हणतात." तिचे डोळे भरून आले. "यातले काही खरंच आजारी असतील, बाई."

"असतील की. त्यांची सेवा कर. बाकीच्यांचं काय?"

पडद्यावर सहीची चौकट अजून लुकलुकत होती आणि टेबलानं कुणी न मागता पुढचे पत्ते वाटले होते. ते कुणीच उचलले नाहीत.

विजयमालाबाई उठल्या. त्यांनी चिंचोके पदरात घेतले, पर्समधून कडा झिजलेला स्वतःचा पत्त्यांचा कॅट काढला आणि खोलीची किल्ली कमरेला खोचली.

"कुठे निघालात?" केतकीनं विचारलं.

"पूर्वेला. आठ महिनं झालं, दत्ताजीरावांचा डाव ऱ्हायलाय." केतकीच्या गळ्यातल्या किल्लीच्या कार्डाकडे त्यांनी बोट दाखवलं. "ती दारं बाहेरनं उघडत्यात न्हवं? अन् तू तर बाहेरच हाईस. मग सांग, पयलं कुणाचं उघडतीस?"