किलोमीटर एकसष्टचा इशारा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

पण ही सांगोवांगी गोष्ट नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती गेर्लिंडे माझी सख्खी नणंद. भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात आधी हसायची ती हीच. आता हसत नाही.

रात्र नव्हती. मंगळवार, ऑक्टोबरची बावीस तारीख, भर सकाळ. आमच्या ऑस्ट्रियातल्या ष्टायरमार्क प्रांतातला, मूर नदीच्या कडेनं जाणारा महामार्ग. डेपोचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत.

गेर्लिंडे महामार्गाच्या देखभाल डेपोत तंत्रज्ञ आहे. रस्त्याकडेच्या खांबांवर रेडिओच्या पेट्या असतात, त्या तिच्या ताब्यात. पुढे धुकं असलं, अपघात असला, काम चालू असलं की या पेट्या येणाऱ्या गाड्यांना कळवतात. नव्या गाड्यांत 'टिंग' वाजतं आणि पडद्यावर इशारा उमटतो. रस्त्यावर काम काढलं की मागे मोठ्या पिवळ्या बाणाची ट्रॉली उभी करतात. तिच्यातही अशीच एक पेटी असते.

त्या मंगळवारी कंट्रोल रूममधून फोन आला.

"गेर्लिंडे, किलोमीटर एकसष्टला कुणाचं काम चालू आहे?"

"कुणाचंच नाही. का?"

"गाड्यांना इशारा जातोय. उजवी लेन बंद, माणसं रस्त्यावर. आम्ही तर काही पाठवलेलं नाही."

एकसष्ट म्हटल्यावर तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये तिथंच वाल्टी गेला होता. वाल्टी म्हणजे डेपोतला कामगार, एकतीस वर्षांचा. लाल शंकू उचलत असताना एक ट्रक थेट ट्रॉलीवर आदळला आणि वाल्टी मध्ये सापडला. ट्रक चालवणारा स्लोव्हेनियाचा झ्वोन्को कोर्टात रडत एकच वाक्य म्हणत राहिला, "अशा जागी माझी गाडी नेहमी बोलते. त्या दिवशी बोललीच नाही."

कुणी ऐकलं नाही. ट्रॉलीच्या पेटीतली नोंद गेर्लिंडेनंच काढली होती. इशारा चालू, अकरा सदतीस ते अकरा बावन्न. झ्वोन्कोचं लायसन्स गेलं, शिक्षा झाली.

आणि आता ऑक्टोबरात...

तिनं घड्याळ पाहिलं. अकरा पन्नास.

दोन मिनिटांनी इशारा आपोआप बंद पडला.

दुसऱ्या दिवशी ती मुकादमाला, ओस्वाल्डला, व्हॅनमध्ये घालून निघाली. ओस्वाल्ड अठ्ठावन्न वर्षांचा, दोन वर्षांत निवृत्त होणारा. मार्चच्या त्या कामावर मुकादम तोच होता. एरवी याच्या तोंडाला कुलूप नसायचं. त्या दिवशी मांडीवर सॉसेजचा पाव तसाच घेऊन बसला होता.

"खा ना. का उपास धरलायस?"

"भूक नाही."

"तुला? भूक नाही? डॉक्टरला बोलावू का?"

त्यानं पाव परत कागदात गुंडाळला.

साठाव्या किलोमीटरचा फलक गेला. अकरा अडतीस झाले होते.

टिंग...

पडद्यावर आलं : उजवी लेन बंद. माणसं रस्त्यावर.

समोर रस्ता मोकळा. ट्रॉली नाही, शंकू नाहीत. नुसतं पातळ धुकं.

गेर्लिंडेनं खांबाजवळ व्हॅन कडेला घेतली आणि कॉम्प्युटर लावला. खांबावरची पेटी इशारा स्वतः तयार करत नव्हती. कुठून तरी ऐकून पुढे पाठवत होती. कुठून, ते तिनं शोधलं.

पाठवणारा : ट्रॉली नंबर सात.

सात नंबरची ट्रॉली म्हणजे वाल्टीवर चेपलेली ती. तिचा सांगाडा डेपोच्या मागच्या शेडमध्ये पडून होता.

"कुणीतरी चावटपणा करतंय," गेर्लिंडे म्हणाली. म्हणताना ती ओस्वाल्डकडे बघत होती.

तो खिडकीबाहेर बघत होता.

परत आल्या आल्या ती शेडमध्ये गेली. सात नंबर तिथंच होती. पेटीच्या जागी नुसतं भोक, वायरी लोंबकळत होत्या. पेटी कोर्टाकडून परत आली होती आणि ऑफिसच्या कपाटात होती.

कपाटाची किल्ली ओस्वाल्डकडे.

संशयानं एकदा घर केलं की निघत नाही. त्या दिवसापासून ती त्याच्यावर पाळत ठेवू लागली. तो कुठे जातो, फोनवर कुणाशी बोलतो, किल्ली कुठे टांगतो. एकोणीस वर्षांचा सहकारी, तिच्या मुलीच्या लग्नात नाचलेला माणूस... आणि ती त्याचे खिसे चाचपायची संधी शोधत होती.

इशारा रोज येत होता. अकरा सदतीसला सुरू, अकरा बावन्नला बंद.

सोमवारी सव्वाअकराला ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"किल्ली दे."

"कसली?"

"सोंग करू नकोस. कपाटाची."

त्यानं मुकाट्यानं दिली. कपाटात पेटी होती. कोर्टाच्या पिशवीत, सील शाबूत, वर बोटभर धूळ. बॅटरी कधीच काढलेली. गेर्लिंडेनं पिशवी कॅन्टीनच्या टेबलावर ठेवली. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ओस्वाल्ड.

"बस इथं. हात टेबलावर ठेव. उठायचं नाही."

"गेर्ली, वेड लागलंय का तुला?"

"बघू कुणाला लागलंय."

दोघं बसून राहिले. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. शेजारच्या टेबलावरची माणसं एकेक करून उठून गेली.

अकरा छत्तीस.

अकरा सदतीस...

फोन वाजला. कंट्रोल रूम.

"गेर्लिंडे, परत सुरू झालंय."

तिनं फोन खाली ठेवला. पिशवीतली पेटी निर्जीव पडली होती. ओस्वाल्डचे दोन्ही हात टेबलावरच होते.

"तो मला सोडणार नाही," तो म्हणाला.

"कोण?"

"मी चालूच केली नव्हती, गेर्ली."

"काय?"

"पेटी. त्या दिवशी. घाई होती, बाण लावला आणि पेटीचं बटण राहून गेलं. वाल्टी आठवण करून देत होता. मी म्हटलं, पंधरा मिनिटांचं तर काम आहे, कशाला नखरे? ट्रकवाला खरं बोलत होता."

गेर्लिंडेला आधी राग आला. दीड वर्ष हा माणूस गप्प बसला होता. तिथं एक निर्दोष माणूस...

मग दुसरी गोष्ट डोक्यात आली.

"ओस्वाल्ड, नोंद तर मी स्वतः काढली होती. त्यात इशारा चालू होता. पंधरा मिनिटं. तू नोंद बदललीस?"

"मी? मला फोनवरचा गजर लावता येत नाही, नातू लावून देतो. मला वाटलं, तूच बदललीस. मला वाचवायला."



म्हणजे दीड वर्ष तो तिच्यावर संशय घेत होता.

पेटी बंद होती, तर नोंद कुणी केली? आणि इशारा गेला होता, तर झ्वोन्कोला का मिळाला नाही? त्या पंधरा मिनिटांचा इशारा इतके दिवस होता कुठे?

ओस्वाल्ड त्याच आठवड्यात पोलिसांकडे गेला. खटला पुन्हा उघडला. त्याची नोकरी गेली, झ्वोन्कोला लायसन्स परत मिळालं. न्यायाधीशांनी गेर्लिंडेला त्या नोंदीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "मला माहीत नाही." आयुष्यात पहिल्यांदा कामाबद्दल तिच्या तोंडून हे वाक्य निघालं.

इशारा मात्र थांबला नव्हता. शेवटी कंट्रोल रूमनं सात नंबरच यादीतून काढून टाकला. गाड्यांमधलं टिंग बंद झालं. सगळ्यांना वाटलं, संपलं.

मागच्या फेब्रुवारीत गेर्लिंडे एकसष्टच्या पुढच्या पार्किंगमध्ये खांबाची वायर बदलत होती. अकरा चाळीसचा सुमार. दुधाचा एक जुनाट ट्रक एकसष्टजवळ उजवी लेन सोडून डावीकडे गेला, थोडं अंतर गेल्यावर परत उजवीकडे आला आणि पार्किंगमध्ये येऊन थांबला. तीस वर्षांपूर्वीची गाडी. तिच्यात ना पडदा, ना रेडिओ.

तिनं न राहवून विचारलं, "आजोबा, लेन का बदललीत? रस्ता तर मोकळा होता."

म्हाताऱ्यानं तिच्या पिवळ्या जॅकेटकडे पाहिलं.

"मोकळा कुठला? तुमचाच माणूस काम करत होता की." मग थर्मासचं झाकण उघडत म्हणाला, "भला पोरगा हो. चाळीस वर्षं चालवतोय, पण बाजूला झालो म्हणून हात वर करून आभार मानणारा पहिलाच भेटला."

गेर्लिंडेनं मागे वळून पाहिलं नाही.

तो दिसायला कसा होता, हेही तिनं विचारलं नाही.