शून्य बाइटांची पत्रं

पाण्याचा जार खांद्यावर घेऊन तो तीन जिने चढून सॉफ्टवेअरच्या ऑफिसात आला, तेव्हा चारुतानं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

"तिकडं कोपऱ्यात ठेवा," ती म्हणाली, "आणि रिकामा घेऊन जा. काल सांगितलं तर आज उगवलात, नशीबच म्हणायचं."

त्यानं जार ठेवला. रिकामा उचलला आणि मुकाट्यानं खाली गेला... पाच मिनिटांनी तोच पुन्हा दारात. आता जार नव्हता. खांद्याला एक विटलेली लॅपटॉपची बॅग होती.

"आता काय राहिलं?"

"माझी तक्रार राहिली की," बाहीनं कपाळ टिपत तो म्हणाला. "मी सत्यम, तालुक्याहून, कन्नडहून आलोय. जार खाली जिन्यात पडला होता. म्हणलं, रिकाम्या हातानं कशाला वर जायचं."

चारुताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं त्याच जारमधून ग्लास भरला आणि पुढं केला. दोन हजार सोळाचा मार्च चालू होता. जालना रोडवर काचेचे इमले उठत होते, बायपासला रोज नव्या प्लॉटचे बोर्ड लागत होते, आणि सिडकोत नळ चार-चार दिवस तोंड दाखवत नव्हता. अशा दिवसांत भरलेला ग्लास पुढं करणं ही माफीच होती. त्यानंही ती तशीच घेतली. अर्धा ग्लास प्यायला, आणि उरलेला अर्धा खिडकीतल्या मान टाकलेल्या तुळशीला घातला.

चारुतानं ते पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

सत्यम ज्या संस्थेत होता, ती तालुक्यातल्या विहिरींची पाणीपातळी मोजायची. दर विहिरीची एक फाइल. दर पंधरा दिवसांनी त्या सगळ्या फायली एकत्र बांधून, दाबून लहान करून शहरात पाठवायच्या, शहरातून तपासून आलेल्या परत उलगडायच्या. कन्नडचा कॉम्प्युटर म्हातारा, आणि नेट पाहुण्यासारखं, आलं तर आलं. त्यामुळं चित्रांची बटणं, खिडक्या असले लाड परवडणारे नव्हते. काळा पडदा, त्यावर टाइप केलेला हुकूम, आणि काम. हा प्रोग्रॅम चारुतानं आठ महिने खपून एकटीनं लिहिला होता. नोकरीतलं तिचं पहिलं स्वतःचं काम.

"काय बिघडलंय त्यात?" तिनं विचारलं. आवाजात जरा धार आलीच.

"बिघडलं काय नाय. कुणी वापरंना."

"का?"

"फायली उलगडायच्या असल्या तर एक्स टाइप करा, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडं एक्स म्हणजे फुली. फुली म्हणजे चूक, बाद. शहरातून आलेल्या कागदावर फुली मारायची हिंमत कोण करील?"

तिला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच थांबलं. आठ महिन्यांत हे एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग काय ठेवू?"

"आमचे कडुबाबा विहिरी मोजतात. ते सगळ्यालाच बोचकं म्हणतात. बोचकं बांध, बोचकं सोड."

"आणि न सोडता, आत काय आहे एवढंच बघायचं असेल तर?"

"दाखव."

बांध, सोड, दाखव. तिचे बॉस मंदार सर प्रोग्रॅमचं नवं नाव ऐकून नाक मुरडत म्हणाले, "बोचकं? बरं... गिऱ्हाइकाला आवडलं ना, मग ठेव."

मग तपासणीसाठी बोचकी जाऊ-येऊ लागली. आठवड्याभरानं कन्नडहून आलेल्या बोचक्यावर चारुतानं 'दाखव' चालवलं, तर विहिरींच्या नावांच्या खाली एक भलतंच नाव: 'तुळस-कशी-आहे'. पुढं आकार: शून्य.

तिनं फोन लावला. "ही कसली फाइल?"

"रिकामी आहे हो. जागा नाय खात."

"नावाला लागते ना जागा. देवनागरीत प्रत्येक खुणेला तीन बाइट. अक्षराला तीन, कान्याला तीन, पाय मोडलात तर त्या मोडक्या पायालाही तीन."

"लई महाग भाषा आहे की आपली."

"म्हणून जपून बोलावं."

"तुळशीचं नाय सांगितलं तुम्ही."

"...दोन पानं फुटलीत."

तो जपून बोलला नाही. पुढच्या बोचक्यात 'चहा-घेतला-का' होतं, त्यापुढच्यात 'वेरुळापर्यंत-नुसती-धूळ'. तीही परतीच्या बोचक्यात उत्तर घालू लागली. सारी शून्य बाइटांची पत्रं. घरी जेवताना एकदा तिच्या तोंडून दोनदा सत्यमचं नाव गेलं, तेव्हा आईनं फक्त एवढंच विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?" आणि उत्तर ऐकून तव्यावरची पोळी जरा जास्तच वेळ दाबत राहिली.

"तुमची पत्रं नुसती नावापुरती," एकदा ती फोनवर म्हणाली. "आत कधी काही नसतं."

"आत लिहायला हिंमत लागते."

तिनं घाईघाईनं विषय कामाकडं वळवला. तिथं त्यांचं एक भांडण रखडलेलंच होतं. बोचकं सोडताना त्याच नावाची फाइल आधीच तिथं असली, तर काय करायचं?

"आलेली बसते, असलेली जाते," चारुता म्हणाली.

"न विचारता?"

"सारखं विचारत बसलं की माणसं न वाचता हो म्हणतात. आमच्या मावशीच्या 'अजून एक पोळी?'ला म्हणतो तसं. चांगल्या प्रोग्रॅमनं काम करावं आणि गप्प बसावं."

"तरी बी... असलेलं टाकायच्या आधी—"

"ते माझ्यावर सोडा."

आपल्या प्रोग्रॅमच्या त्या गप्प बसण्याचा तिला अभिमान होता.

एप्रिलमध्ये नवी आवृत्ती बसवायला ती सकाळच्या एसटीनं कन्नडला गेली. दोन खोल्यांचं ऑफिस, पुढं कडुलिंबाचं झाड. सत्यम तिच्यासाठी सरबताची लिंबं आणायला गेला होता. त्याला येताक्षणी चालू झालेलं दिसावं म्हणून तिनं पंधरा दिवसांपूर्वीचं एक बोचकं घेतलं आणि 'सोड' टाइप केलं. पडदा काही बोलला नाही. काम झालं होतं.

सत्यम ग्लास घेऊन आला, पडद्याकडं पाहिलं, आणि ग्लास त्याच्या हातातच राहिला.

"हे... कुठं सोडलं?"

"इथंच. याच फोल्डरात."

"त्यात परवापर्यंत मोजलेल्या नोंदी होत्या," तो हळू म्हणाला. "एकेचाळीस विहिरी. तीन दिवस नेट नाय, म्हणून पाठवायच्या राहिल्या होत्या."

नावं तीच, विहिरींची. जुन्या फायली नव्यांवर जाऊन बसल्या होत्या. चारुता खुर्चीवरून उठली.

"परत मोजू. मी येते मोजायला."

"नाय मोजता येणार. कालपासून टँकर चालू झालेत. ते ह्याच विहिरींत रिकामे होतात. आता दोरी सोडली तर टँकरचं पाणी लागंल. विहिरीचं स्वतःचं किती होतं, ते आता विहिरीलाबी ठाऊक नाय."

सोमवारी पातळ्यांची यादी तहसीलात जाणार होती. तिच्यावरून कोणत्या गावाला टँकरच्या किती खेपा, ते ठरणार होतं. पंधरवड्यात पाणी चार-चार हात खाली गेलं होतं. जुने आकडे गेले असते, तर कागदावर विहिरींत पाणी दिसलं असतं आणि खेपा निम्म्या झाल्या असत्या. एकेचाळीस गावांच्या.

तो रागवेल, निदान 'सांगितलं होतं' म्हणेल, याची ती वाट पाहत राहिली. त्यानं ग्लास तिच्यापुढं ठेवला. "नक्कल ठेवायला पायजे होती मी. चूक माझी बी आहे."

"नाही." तिनं ग्लास बाजूला सारला. "तुम्ही विचारलं होतं. मी ऐकलं नाही. सोमवारी मी स्वतः जाऊन सांगते, माझ्या हातून गेलं म्हणून."

"मानतील का?"

तेवढ्यात दारात खोकल्याचा आवाज झाला. पांढऱ्या मिशांचे, डोक्याला मुंडासं गुंडाळलेले कडुबाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काय गेलं म्हणता सायेब? आकडेच ना? मंग दोऱ्या हायेत की."

"त्यांच्या गाठी तर तुम्ही सोडल्या असतील," सत्यम म्हणाला. "मीच सांगितलं होतं. मोजून झालं की गाठी सोडा, गुंता नको."

"सांगितलं व्हतं तुमी. मी व्हय बी म्हणलो." म्हातारा मिशीत हसला. "पर सोडल्या नाय."

कडुबाबांना आकडे वाचता येत नसत. दर विहिरीची एक वेगळी सुतळी, टोकाला दगड. दगड पाण्याला टेकला की काठापाशी सुतळीला गाठ. ती दोरी ऑफिसात आणायची, दगडापासून गाठीपर्यंतचं अंतर सत्यम टेपनं मोजायचा आणि टाइप करायचा. त्यांनी घरून खरोखरीचं बोचकं आणलं, जुन्या धोतराचं. आत एकेचाळीस गुंडाळ्या, प्रत्येकीला निराळ्या रंगाची चिंधी.

"बाबा, गाठी का नाही सोडल्या?" चारुतानं विचारलं.

"नवी गाठ मारल्याबिगर जुनी सोडायची नस्ती, ताई. काठावर उभं ऱ्हायलं अन् हात निसटला, नवी खूण गेली... मंग काय ऱ्हायलं? निदान जुनं तरी ऱ्हावं. नवी पक्की बसली का मंग जुनी सोडायची."

आठ महिने. चारुता त्या म्हाताऱ्याच्या बोटांकडं पाहत राहिली.

मग ते तिघं अंगणात उतरले. चारुता दगड मांडीशी धरून लिंबाखाली बसायची, सत्यम गाठ चिमटीत धरून मागं मागं रस्त्याच्या कडेपर्यंत जायचा, मग टेप लागायची. कडुबाबा चिंधी पाहून विहीर सांगायचे. "ही हिरवी... आमच्या भागूबाईचं लुगडं. शाळेमागची." "ही जांभळी, मळ्याची."

"लई ताणता तुम्ही," सत्यम लांबून म्हणाला.

"सैल धरली तर आकडा खोटा येईल ना."

"फार ताणली तरी बी खोटाच येतो."

तिनं हात जरा सैल केला. साठ फुटांवरून त्याच्या बोटांची हालचाल सुतळीतून तिच्या तळहातात येत होती. अशी दोरी धरून बसायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तरी सोडवत नव्हती...

एकेचाळिसावी दोरी मोजून झाली तेव्हा उन्हं कलली होती. ती गुंडाळायची म्हणून दोघंही आपापल्या टोकाकडून गुंडाळत आले. दोरी संपत आली. कडुबाबांना अचानक पाण्याची तहान लागली आणि ते आत गेले.

"चारुता..." तो म्हणाला. आजवर मॅडम होतं.

"काय?"

"...दगड द्या तेवढा."

तिनं दगड त्याच्या हातात ठेवला. शेवटच्या एसटीची वेळ झाली होती.

सोमवारी यादी खऱ्या आकड्यांनी गेली. त्या आठवड्यात चारुतानं 'सोड'चं सगळं पोट नव्यानं लिहिलं. आता आलेली फाइल आधी बाजूला पूर्ण उतरते. ती धड उतरली की मगच तिला नाव मिळतं. आणि तिथं आधीपासून असलेली फाइल तारीख लावून शेजारीच राहते. बोचकं अजूनही काही विचारत नाही. पण काही हरवतही नाही. मंदार सरांनी विचारलं, ही पद्धत कुठल्या पुस्तकातली? ती म्हणाली, कन्नडची आहे.

मे महिन्याच्या पहिल्या बोचक्यावर तिनं सवयीनं 'दाखव' चालवलं. एकेचाळीस विहिरी, आणि खाली एक नाव: 'चारुता'. पुढं आकार. शून्य नव्हता. एक हजार एकशे सात.

ती उठली, तुळशीला पाणी घालून आली. पुन्हा बसली. मग 'सोड' टाइप केलं.

'नावात मावंना, म्हणून आत लिहितोय,' अशी सुरुवात होती. 'आमचं घर कुणब्याचं, तुमचं शिकल्या-सवरल्यांचं. यंदा आमच्या विहिरीला पाणी नाय, पुढच्या साली असंल-नसंल. हे सगळं मोजून विचारतोय. रविवारी आईला घेऊन तुमच्या घरी येऊ का? नसंल जमत तर नुसता एक्स पाठवा. मला त्याचा अर्थ कळतो.' मधलं थोडं तिनं पुढंही कधी कुणाला वाचू दिलं नाही.

तिनं उत्तराचं बोचकं बांधलं. आत एकच फाइल. पाठवलं आणि फोन समोर ठेवून बसली. तासाभरानं तो वाजला.

"आलंय," सत्यम म्हणाला. "सोडायची भीती वाटते."

"मग दाखव करून बघा की आधी."

"केलं. बारा बाइट दिसतात. एक्सला किती लागतात?"

"एकच."

"आणि... 'नाय'ला?"

"न, काना, य. नऊ."

पलीकडं तो बोटांवर मोजत असणार. तिला ती बोटं दिसत होती, गाठ चिमटीत धरलेली.

"'व्हय' असं तर तुम्ही कधी बोलत नाय," अखेर तो म्हणाला. आवाज जरा ओला होता.

"लिहिलं पहिल्यांदाच," चारुता म्हणाली. "रविवारी या. आईशी मी आज बोलते. आणि येताना जिन्यात जार दिसला तर... तसाच राहू द्या. मी खाली येते. दोघं मिळून वर नेऊ."