तिसऱ्या मात्रेचा प

वहिनीला बेस गिटार शिकायची होती आणि घरात कुणालाच ते पटत नव्हतं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या बाईला चाळिशीत हे कसलं खूळ, असं नणंद तोंडावर म्हणाली. नणंद बँडमध्ये गायची. अमेरिकन कंट्री संगीताची गाणी, साधी, घोड्याच्या चालीची. बँडमध्ये बेसवाला टिकत नव्हता म्हणून नाइलाजाने वहिनीला घेतलं, तेही अटीवर. कार्यक्रमात फजिती झाली तर गिटार कायमची खाली ठेवायची.

"ठेवीन की," वहिनी म्हणाली. "आधी उचलू तर दे."

सराव रविवारी सकाळी, टायरच्या दुकानावरच्या खोलीत. रबराचा वास, एकच खिडकी, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले. गिटारवाले मास्तर शिकवायचे. "पहिल्या मात्रेला सा, तिसऱ्या मात्रेला प. बेसला एवढंच काम. चालताना पाऊल टाकतो तसं."

सा जमला. प मात्र शेजारच्या तारेवर, करंगळीने दाबायचा, आणि करंगळी वेळेवर पोहोचेल तर शपथ. शेवटी तिने नवशिक्याची लबाडी केली. सा दणकून वाजवायचा आणि तिसऱ्या मात्रेला नुसती मान डोलवायची.

तिसऱ्या मात्रेला प आला. गोल, भरदार, जागच्या जागी.

"वा, वहिनी!" मास्तर म्हणाले.

तार गुंजत असेल, असं तिला वाटलं. तिने त्या तारेवर तळहात दाबून धरला. तळहाताखाली तार थरथरली आणि प आला. तिने वायर उपटली. स्पीकर गप्प झाला, तार झाली नाही.

सराव संपल्यावर ती मास्तरांपुढे उभी राहिली. "प मी वाजवत नाहीये."

मास्तर गिटार पुसत राहिले. "सुरात लागतोय ना?"

"माझ्या आधीचे दोघं का गेले?"

"गेले असं नाही हो. त्यांनी हळूहळू वाजवायचं सोडलं. आधी प, मग सा. नुसते उभे राहायचे, आणि बेस झकास चालायचा."

"मग?"

"मग उभं राहायचंही सोडलं. घरी पडून असतात. हाक मारली तर बघतात."

"फुकटची मदत मिळतेय तर घे ना, वहिनी," नणंद म्हणाली. "एवढा कसला ताठा?"

वहिनीचं डोकंच फिरलं. "माझा प मी वाजवणार. चुकला तरी माझा!" तिने पक्कड मागितली आणि ती तारच काढून टाकली. वरच्या जाड तारेवरही प मिळतो, फक्त तिथे बोटाला उडी मारावी लागते. बोटाला फोड आले, फुटले, पुन्हा आले. आपोआप कुठलीच तार पुन्हा थरथरली नाही. वहिनी मनातून खूश होती. कोण होतं ते असो, तिने त्याला हाकललं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी नणंदेचा घसा बसला. गरम पाणी पीत ती विंगेत चरफडत होती.

पहिल्याच गाण्यात वहिनीचे दोन प चुकले. एक तर राहूनच गेला. ती जागा रिकामी गेली, कुणीही भरली नाही, आणि वहिनीला इतका आनंद झाला की ती स्टेजवरच हसली.

लोक ताल धरत होते. नणंदेचा आवाज मोकळा सुटला होता. इतका गोड तो कधीच नव्हता.

वहिनीने वळून पाहिलं.

नणंद माइकपासून दोन पावलं मागे उभी राहून पाणी पीत होती.

वहिनीने सा हाणला, मग प, मग पुन्हा सा. "गा!" ती ओरडली. "अगं, तू गा!"

नणंदेने पेला खाली ठेवला.

"कशाला, वहिनी?" त्याच गोड आवाजात उत्तर आलं.

नणंदेचे ओठ मिटलेलेच होते, आणि गाणं एका मात्रेपुरतंही थांबलं नव्हतं.